चिनी अक्षरं घोकू नका, मेंदू वाचतो तसं शिका

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, नाहीतर जालन्याच्या स्टीलवाल्यांकडं, कुठंबी जा, एखादी तरी चिनी मशीन असतीच आणि तिच्या पॅनलवर सगळं चिनीत छापलेलं. कुणीतरी मार्करनं "चालू", "बंद" लिहून पट्टी चिकटवलेली असते, तेवढ्यावर काम चालतं. पण अलार्म आला की मोबाईल काढा, फोटो मारा, ट्रान्सलेट करा, आणि ते ट्रान्सलेट असलं काहीतरी सांगतंय की फिटर आणि सुपरवायझर दोघंबी एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात. मेंटेनन्समधली पोरं मला विचारायलेत की आम्हाला हे वाचता येईल का, तीन हजार चित्रं पाठ करायची म्हणजे जन्म जाईल की. हे सगळं त्यांच्यासाठी लिहितोय. आणि तुमचं मशीनशी काही देणंघेणं नसलं, नुसती हौस म्हणून चिनी शिकायची असली, तरी पद्धत हीच.

पहिली गोष्ट, ती चित्रं नाहीत. आपल्याकडं लई जणांचं म्हणणं असतं की चिनी माणूस अक्षर बघतो आणि डायरेक्ट अर्थ कळतो, आवाजाची भानगडच नाही, आणि ते सगळं मेंदूच्या उजव्या बाजूला चालतं, चित्रकलेसारखं. हे चूक आहे. २००० सालच्या सुमारास फ्रान्समधल्या लॉराँ कोएन आणि स्तानिस्लास दहान यांनी डाव्या बाजूला, कानाच्या जरा मागं, मेंदूच्या खालच्या अंगाला एक जागा दाखवली जी लिहिलेला शब्द ओळखायचं काम करते. माणूस इंग्रजी वाचो, हिब्रू वाचो नाहीतर चिनी, ही जागा कामाला लागतेच. चिनीत फरक इतकाच की उजव्या बाजूची तशीच जागाबी जास्त जोर लावते, कारण एका चौकोनात काय कुठं बसलंय हे बघावं लागतं, आणि डाव्या कपाळाच्या मागचा एक भाग जास्त चालतो. हा कपाळामागचा भाग ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता आपल्यासाठी मजेची गोष्ट. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, तिथं नंदिनी चटर्जी सिंग यांच्या टीमनं हिंदी वाचणाऱ्यांचे स्कॅन घेतले होते, तर देवनागरी वाचतानाबी दोन्ही बाजू कामाला लागलेल्या दिसल्या. साहजिक आहे. आपली वेलांटी आधी लिहायची आणि नंतर म्हणायची, उकार खाली, मात्रा वर, रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर. नुसतं डावीकडून उजवीकडं सरळ पळणारं इंग्रजी वाचणाऱ्यापेक्षा आपल्याला वर-खाली बघायची सवय लहानपणापासून आहे. म्हणजे तुम्ही अगदी शून्यावर नाही.

आधी आवाज, अक्षर नंतर

चिनी वाचणाऱ्याला अक्षर दिसलं की त्याचा आवाज मेंदूत आपोआप जागा होतो, मनात वाचत असला तरी, आणि आवाजाची गरज नसली तरी. यावर मागच्या चाळीस-पन्नास वर्षांत भरपूर प्रयोग झालेत. म्हणून आवाज न शिकता नुसती अक्षरं ओळखायला जाल तर मेंदूला पकडायला काही राहत नाही, आज पाठ उद्या सपाट.

आवाज लिहायच्या दोन पद्धती आहेत. चीनमध्ये पिनयिन, १९५८ पासून सरकारी, इंग्रजी लिपीतली. तैवानमध्ये झुयिन, तिला बोपोमोफोबी म्हणतात, ३७ खुणांची, १९१८ पासूनची. तिकडची पोरं पहिलीत आधी हे शिकतात आणि मग अक्षरांना हात लावतात. तुम्ही पिनयिन घ्या, कारण मोबाईलवर टाइप करायला तेच लागतं. पण एक करा, पिनयिनची अक्षरं इंग्रजीसारखी वाचू नका, देवनागरीत उतरवून घ्या. पिनयिनचा बी (b) म्हणजे आपला प, पी म्हणजे फ, पण ओठ मिटून म्हणायचा तो खरा फ, फॅनमधला नाही. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. म्हणजे ज्याला आपण बेइजिंग म्हणतो ते तिकडं पेइचिंगच्या जवळ आहे. इंग्रजीवाले इथंच घसरतात कारण प आणि फ वेगळे धरायची त्यांच्या कानाला सवय नाही, आपल्याला पहिलीपासून आहे. आणि झेड म्हणजे चमचामधला च, जे म्हणजे चिंचेतला च. हे दोन च वेगळे हे हिंदीवाल्याला समजावून सांगावं लागतं, मराठी पोराला सांगायची गरजच नाही.

झुयिन शिकायचं नसलं तरी तिचा क्रम एकदा बघून घ्या. प, फ, म, मग त, थ, न, ल, मग क, ख, ह. ओठ, दात, घसा. आपल्या वर्णमालेसारखीच तोंडातल्या जागेप्रमाणं लावलेली, फक्त आपण घशापासून ओठाकडं येतो आणि ते ओठापासून आत जातात.

सूर चार आहेत, सपाट, चढता, खाली जाऊन वर येणारा आणि पडता. ज्यांची भाषाच सुरांची आहे त्यांचा मेंदू सूर हा शब्दाचाच भाग म्हणून धरतो, गाण्याची चाल म्हणून नाही, म्हणून तुम्हीबी "मा आणि वर त्याचा सूर" असं वेगवेगळं पाठ करू नका. चार वेगळे शब्द समजा. आई, ताग, घोडा, शिवी देणं. चारही मा, चारही वेगळे. यात पंधरा-वीस दिवस गेले तरी जाऊ द्या, घाई करू नका.

अक्षर फोडायला शिका

आता खरं काम. चिनी अक्षरांतली ऐंशी टक्क्यांच्या आसपास अक्षरं दोन भागांची असतात, एक भाग अर्थाकडं बोट दाखवतो, दुसरा आवाजाकडं. हे काही आजकालचं संशोधन नाही, इसवी सन १०० च्या सुमारास शू शन नावाच्या विद्वानानं नऊ हजारांवर अक्षरं ५४० गटांत लावून कोश केला होता. नंतर १६१५ च्या एका कोशात ते गट २१४ वर आले, १७१६ च्या खांगशी कोशानं तेच घेतले, आजबी बऱ्याच कोशांत तेच चालतात.

मशीनवरच बघा. तांब्याच्या अक्षरात डावीकडं धातूचा भाग आणि उजवीकडं थोंग असा आवाज देणारा भाग, उच्चार थोंग. स्टीलच्या अक्षरात डावीकडं तोच धातू, उजवीकडं कांग आवाजाचा भाग, उच्चार कांग. जस्ताला धातू आणि शिन. बॅटरीच्या डब्यावर लिथियमचं अक्षर असतं, धातू आणि ली, संपला विषय. टायटॅनियम म्हणजे धातू आणि थाय. ही शेवटची दोन तर अलीकडची, मूलद्रव्यं सापडल्यावर बनवलेली, म्हणजे हा कारखाना दोन हजार वर्षं त्याच पद्धतीनं चालू आहे. जालन्याच्या पोरानं एक धातूचा भाग ओळखायला शिकला की त्याच्या कामाची निम्मी अक्षरं कमीत कमी कुठल्या घरातली आहेत एवढं तरी कळतं.

तेलाचं अक्षर, डावीकडं पाण्याचे तीन थेंब, उजवीकडं यौ, उच्चार यौ. दिव्याचं अक्षर, डावीकडं आग, उजवीकडं तिंग, उच्चार तंग, थोडा सरकला पण ओळखू येतोय. "थांबा" या अक्षरात डावीकडं माणूस आणि उजवीकडं थिंग, उच्चार थिंग. लाल बटणाजवळ हेच असतं, सगळ्यात आधी हे शिका, बाकीचं नंतर. मशीनच्या अक्षरात डावीकडं लाकूड, उजवीकडं ची, उच्चार ची. लाकूड काहून म्हणाल तर जुनी यंत्रं लाकडाचीच होती ना.

म्हणून वही करताना अर्थाप्रमाणं याद्या करू नका, एका पानावर आवाजाचा एक भाग घ्या. उदाहरण म्हणून छिंग हा भाग. त्याच्या डावीकडं पाणी लावलं तर स्वच्छ, सूर्य लावला तर उघडीप पडलेलं आभाळ, बोलण्याची खूण लावली तर विनंती, काळजाची लावली तर भावना, डोळा लावला तर डोळ्याचं बुबुळ, फक्त इथं उच्चार छिंगचा चिंग होतो. पाच अक्षरं एका फटक्यात, आणि पाचही एकमेकांना धरून राहतात. आवाज शंभर टक्के बरोबर येईल असं धरू नका, शतकानुशतकं उच्चार बदलत गेलेत, अंदाज पक्का व्हायला मात्र तेवढं पुरतं.

नवशिका आणि जाणकार यांच्या बघण्यातबी इथंच फरक पडतो. जेनेट श्याओ आणि गॅरिसन कॉटरेल यांनी २००९ मध्ये दाखवलं की नवखा माणूस चिनी अक्षर अख्खंच्या अख्खं, चेहऱ्यासारखं बघतो, आणि ज्याला वाचता येतं तो ते सुटं करून, भागाभागानं बघतो. म्हणजे "या अक्षरात मला घर दिसतंय, त्याच्यावर धूर दिसतोय" अशा गोष्टी रचून पाठ करायचे जे ॲप असतात ते तुम्हाला उलट्या दिशेला नेतात. दहा-वीस अक्षरांपुरती गंमत म्हणून ठीक आहे, पुढं तीच अडचण होते.

हातानं लिहा, मोबाईलवर टाइप करून भागत नाही

इथं मी हट्टी आहे. सांगून ठेवतो, पोरं कुरकुरतात, "सर लिहायचं कुठंच नाही, नुसतं वाचायचंय, मग लिहू काहून?" वाचायचंय म्हणूनच लिहा.

ते कपाळामागचं ठिकाण आठवतंय का? हाँगकाँगमध्ये ली हाय थान आणि वाय थिंग सिओक यांच्या टीमनं २००४ मध्ये दाखवलं की ज्या चिनी पोरांना वाचायला जड जातं त्यांचा हा भाग नीट चालत नाही, इंग्रजीत अडखळणाऱ्या पोरांत सहसा दुसरा, कानाच्या वरच्या अंगाचा भाग सापडतो. पुढं २०१० मध्ये दुसऱ्या एका टीमनं चिनी आणि इंग्रज पोरं एकाच पद्धतीनं तपासली तेव्हा दोघांच्या अडचणीत बरंच सारखं निघालं, त्यामुळं चिनी मेंदू आणि इंग्रजी मेंदू असे दोन प्रकार असतात असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. पण चिनीत हा भाग जास्त राबतो एवढं खरं, आणि तो हातानं लिहायच्या हालचाली साठवणाऱ्या जागेच्या शेजारी आहे. २००५ मध्ये याच हाँगकाँगवाल्यांनी पोरांचं लिहिणं आणि वाचणं मोजलं, तर जो अक्षरं चांगली उतरवतो तो चांगलं वाचतो असा संबंध सापडला, आणि तो नुसत्या आवाजाच्या जाणिवेपेक्षा जास्त घट्ट होता. २०१३ मध्ये त्यांनी चीनमधली शाळेची पोरं बघितली, जी घरी पिनयिननं जास्त टाइप करतात त्यांचं वाचन कच्चं, जी हातानं जास्त लिहितात त्यांचं बरं. मोठ्या माणसांचंबी हेच चाललंय, चिनी लोक स्वतःच तक्रार करतात की पेन उचललं की अक्षर आठवत नाही, रोज टाइप करतो ते अक्षर.

आपल्याकडं हे मोडीत बघायला मिळतं. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा मोडी वाचणारे लोक कुठून आणायचे हाच मोठा प्रश्न झाला होता. मोडी शिकलेल्या कुणालाही विचारा, नुसता तक्ता बघून कागद वाचता येत नाही, हात न उचलता लिहिण्याची ती वळणं स्वतः गिरवली की मग दुसऱ्याचं गिचमिड अक्षरबी कुठून कुठं गेलंय ते दिसायला लागतं. चिनीचं तसंच आहे, दुकानाची पाटी नाहीतर हातानं लिहिलेली नोट वाचायची तर हात कसा फिरला हे माहीत पाहिजे.

लिहायचं कसं ते सांगतो. पन्नास वेळा एका खाली एक उतरवू नका, तिसऱ्या ओळीनंतर डोकं झोपतं आणि नुसता हात चालतो. अक्षर नीट बघा, मनात फोडा (डावीकडं धातू, उजवीकडं ली), तोंडानं सुरासकट म्हणा, मग वही झाका आणि आठवून लिहा. चुकलं तर उघडून बघा, परत झाका. बास. दोन-तीनदा बरोबर आलं की पुढं चला, दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच आठवून लिहा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं. रोज पाच-सहा अक्षरं पुरेत, परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखी चाळीस करू नका.

रेघांचा क्रम पाळायचाच. वरून खाली, डावीकडून उजवीकडं, आडवी आधी उभी नंतर, चौकोन असेल तर आधी बाहेरचं, मग आतलं आणि तळाची रेघ शेवटी. शिस्त म्हणून नाही सांगत, क्रम एकच ठेवला की हाताची हालचाल एकच राहते आणि मेंदूला तीच आठवायची असते. चीन-जपानची माणसं अक्षर आठवेना की हवेत नाहीतर तळहातावर बोटानं लिहून बघतात, जपानीत त्याला कूशो म्हणतात, त्यावर १९८० च्या दशकात जपानमध्ये अभ्यासबी झालाय. तुम्हीबी करा. एसटीत बसल्या बसल्या मांडीवर करा, शेजारचा बघंल तर बघू द्या.

सोपी लिपी घ्यावी का जुनी

चीननं १९५६ पासून अक्षरं सोपी केली, सिंगापूरनं नंतर तीच घेतली. तैवान, हाँगकाँग आणि मकाव जुनीच वापरतात. वीज या अक्षरात जुन्या लिपीत वर पाऊस आहे आणि एकूण १३ रेघा, सोप्यात पाऊस गेला आणि ५ राहिल्या. उघडणे किंवा चालू करणे यात जुन्यात दरवाजा आहे, सोप्यात दरवाजा गेला, १२ च्या ४ झाल्या. ऐकणे यात जुन्यात कान आहे, २२ रेघा, सोप्यात ७ रेघा आणि कानाच्या जागी तोंड. आता ऐकायला तोंड, यावर तैवानवाले अजून चिडवतात.

पण सरसकट बिघडलं असंबी नाही. घड्याळाच्या अक्षरात जुना आवाजाचा भाग थोंग होता, उच्चार मात्र चोंग. सोप्यात तिथं चोंगच आवाजाचा भाग बसवला, म्हणजे उलट सुधारलं. भट्टीच्या अक्षरात मात्र उलटं झालं, जुन्यात लू असा बरोबर आवाज होता, सोप्यात हू बसला. दोन-तीन वेगळी अक्षरं एकात घातली तिथंबी गोंधळ होतो, चेहरा आणि नूडल्स सोप्या लिपीत एकच अक्षर आहे.

मेंदूला यानं काय फरक पडतो? सोप्या लिपीत रेघा कमी म्हणून दोन अक्षरं एकमेकांसारखी दिसायचा धोका जास्त, बारीक फरकाकडं बघावं लागतं. २००५ च्या एका अभ्यासात सोपी लिपी शिकणारी चीनमधली पोरं हाँगकाँगच्या पोरांपेक्षा नजरेच्या चाचण्यांत पुढं निघाली, कारण हेच असावं असं त्यांनी म्हटलंय. जुन्या लिपीत लिहायला हात दुखतो पण अक्षरं फोडायला जास्त भाग मिळतात. माझं म्हणाल तर मशीन कुठून आली ते बघा. चीनमधून आली असंल तर सोपी, तैवानची सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) असंल तर जुनी. एक पक्की झाली की दुसरी वाचायला फार जड जात नाही, बदललेले भाग ठरलेले आहेत, धातूचा भाग एकदा सोपा केला की सगळीकडं तसाच सोपा होतो.

ओळ वाचताना

चिनीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. आपण मोकळी जागा बघून उडी मारतो, तिकडं ती सोयच नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्याला एका वेळी बघतोय त्याच्या डावीकडचं एक आणि उजवीकडची तीन अशीच अक्षरं कामाची मिळतात, इंग्रजीत उजवीकडं चौदा-पंधरा अक्षरांपर्यंत मिळतं. पण चिनीतलं एक अक्षर म्हणजे एक अख्खा तुकडा असतो, त्यामुळं हिशोब बरोबरीत येतो. आजच्या चिनीतले बरेच शब्द दोन अक्षरांचे असतात म्हणून सुट्या अक्षराचं कार्ड करू नका, जोडीचं करा. चालू अधिक बंद म्हणजे स्विच, खाइक्वान. वीज अधिक मशीन म्हणजे मोटर, त्येनची. पेन्सिलीनं जोड्यांखाली हलक्या रेघा मारत वाचा, काही दिवसांनी रेघा मारायची गरज पडत नाही.

आणि जिथं जोडी लावूनबी अर्थ लागेना तिथं मोठ्यानं म्हणून बघा, नाव असू शकतं. परदेशी नावं ते नुसत्या आवाजानं लिहितात, अर्थाचा संबंध नसतो. सातव्या शतकात ह्युएनत्संग इकडं आला, महाराष्ट्राबद्दल लिहून गेला, त्यातल्या डोंगरातल्या विहाराचं वर्णन अजिंठ्याचं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. त्या काळापासून संस्कृत नावं अशीच चालत आलीत, नालंदा म्हणजे ना-लान-थुओ. मुंबई मंग-माइ आहे, आणि मशीनच्या कागदावर ते दिसलं की माल कुठल्या बंदरात उतरला ते कळलं.

किती अक्षरं लागतील? चीननं १९८८ मध्ये नेहमीच्या वापरातली ३५०० अक्षरं ठरवली, त्यातल्या २५०० मध्ये साधा मजकूर ९८ टक्क्यांच्या जवळपास बसतो. तुम्हाला तेवढी लागत नाहीत. पॅनल, अलार्मची यादी आणि मॅन्युअलमधले तक्ते यांचा फोटो काढा, त्यात सारखी येणारी अक्षरं खुणा करून काढा, तीच आधी शिका. मोबाईलमध्ये चिनी कीबोर्ड टाकताना पिनयिनबरोबर हातानं लिहायचा कीबोर्डबी टाका, आणि अडलं की फोटो मारायच्या आधी ते अक्षर बोटानं स्क्रीनवर काढून बघा. रेघांचा क्रम चुकला तर बऱ्याचदा तो कीबोर्ड भलतंच अक्षर दाखवतो, तेव्हा पुसायचं आणि परत काढायचं.